निव्वळ वजन

दुपारी अडीचच्या सुमारास, उसाच्या गाड्या पातळ झाल्यावर
हरगापूरच्या तालमीची पोरं ट्रॉली घेऊन काट्यावर आली.
ट्रॉलीत एक दगड. गोल.
शेजारी पाय पसरून दुर्गव्वा वड्डर, पान चघळत.

अण्णा, एवढं वजन काढून द्या, आदगोंडा म्हणाला,
जत्रंत उचलायला ठेवणार हाय.
गडाखाली विहीर उपसताना घावला.
मी म्हटलं, हा काटा वीस किलोखाली बोलत नाही,
त्याला टनांची सवय.
बरं, घ्या वर.

दुर्गव्वानं म्हशीच्या पाठीवरून फिरवावा
तसा दगडावरून तळहात फिरवला.
ह्यो ह्या डोंगराचा न्हवं. हितला काळा असतोय.
ह्यो तांबूस, गोकाकच्या धबधब्याकडचा.
भोक न्हाई, म्हंजे जात्याचा न्हवं. डोळं न्हाईत, म्हंजे देव न्हवं.
नुसता गोल.
येवढं गोल कशाला लागतंय माणसाला?

फेकायला, दस्तगीर मास्तर म्हणाले.
जावयाच्या उसाच्या पावतीसाठी ते सकाळपासून बाकावर होते,
डब्यातली भाकरी संपली होती, बोलणं शिल्लक होतं.
मगरबी, म्हणाले. लाकडाची, दोन ताडांएवढी.
एका टोकाला मातीनं भरलेली पेटी,
दुसऱ्या टोकाला गोफण. आपली जोंधळ्यातलीच, पण
तीत पाखरू हाकायचा खडा नाही,
हा.

पेटी खाली, दगड वर.
मी बाहेर आकड्यांच्या तांबड्या दिव्यांकडे बघितलं.
बावीस वर्षं मी हेच करतो,
इकडचं तिकडच्याशी तोलतो,
आणि दोन्हीकडचे लोक शिव्या देतात.
पण माझ्या काट्यानं अजून कुणाची भिंत पाडली नाही.

मगरबी म्हणजे?
मावळतीकडची, मास्तर म्हणाले.
आणि मावळतीकडं तिला काय म्हणायचे?
ते हसले. चीनमध्ये तिच्या नावात
पश्चिमेकडून आलेले मुसलमान होते.
जो तो दुसऱ्याचं नाव द्यायचा.
सुतार जहाजातनं जायचे, कैदी होऊन जायचे,
डोक्यात फक्त मापं: हात किती, पेटी केवढी,
खुंटा कुठं.
लाकूड मिळेल तिथलं, दगड मिळेल तिथला.

गोकाकचा, दुर्गव्वा म्हणाली.
गोकाकचा, मास्तरांनी मान्य केलं.

पाटीवर कुठली अक्षरं वर, कुठली खाली
यावरून आमच्या स्टँडावर दगड पडलेले मी बघितलेत.
आमचं, आमचं.
आणि एवढं मोठं यंत्र निम्म्या जगात फिरलं,
तर आमचं म्हणायला कुणी पुढं आलं नाही?
मी हे मोठ्यानं बोललो नाही.
आदगोंडा मोबाइलवर दगडाचा फोटो काढत होता.

त्याच्या आधी, मास्तर सांगत राहिले, पेटी नव्हतीच.
दोर होते, आणि दोराला माणसं.
पन्नास, शंभर. एकदम ओढायची.
वजन म्हणजे तीच.

तोवर मी रिकाम्या ट्रॉलीचा जुना आकडा वजा केला होता.
निव्वळ: एकशे चाळीस.
पोरांची तोंडं उतरली. हे कोण उचलणार?
मग माझ्या ध्यानात आलं.
दुर्गव्वा, खाली उतर.

ती उतरली, गुडघ्यावर हात टेकत, एक पाय चाकावर,
दिवे लुकलुकले.
शंभर. ऐंशी. शंभर.
काट्याला ठरवता येईना.

मी पावतीवर ऐंशी लिहिलं.
मालाचं नाव: दगड.
कुठून: हा रकाना बराच वेळ कोरा राहिला,
मागं एका गाडीवानानं भोंगा वाजवला,
म्हणून मी गोकाक लिहून शिक्का मारला.

आणि माझं? दुर्गव्वा म्हणाली,
मला मोजलंस न्हवं?
माझी चिठ्ठी दे की.